याद्या करताना ही यादीही करा

दिवाळी सरली की मला भारतातून फोन येऊ लागतात. बहुधा एखाद्या आईचा असतो. मुलीचं जर्मन मुलाशी जमलंय, घरच्यांनी मनापासून स्वीकारलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढलाय, जावयाला दोन आठवड्यांची रजा आहे. मग प्रश्न येतो, "लग्न झालं की दोघं बरोबरच जातील ना?"

नाही जाणार. हे मी पहिल्याच वाक्यात सांगते. हॉलची अनामत भरण्याआधी कळलेलं बरं. जर्मनीत नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं राहायला जायचं तर वेगळा विसा लागतो, आणि त्या अर्जाला विवाहाचा सरकारी दाखला जोडावा लागतो. म्हणजे लग्न आधी, दाखला मग, अर्ज त्यानंतर आणि उत्तर त्याहून पुढे. मधले महिने मुलगी माहेरीच असते. आणि मुलीचंच कशाला, जर्मन सून आणणाऱ्या घरांतल्या मुलांनाही हाच नियम आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. २०११ साली लग्न करून श्टुटगार्टला आले. माझा विसा चार महिने अडला होता, कारण माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. तारीख होती, आईवडिलांची नावं होती, लिंग 'स्त्री' होतं, पण नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे जन्माची नोंद आधी होते आणि बारसं बाराव्या दिवशी. पुन्हा जाऊन नाव घालायचं राहून जातं. शाळेत प्रवेश मिळतो, नोकरी लागते, कुणी तो कागद उघडूनही पाहत नाही. मी शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि वडिलांना घेऊन हेलपाटे घालत राहिले, आणि नवरा इकडे दोघांचं घर भाड्याने घेऊन एकटा राहत होता. म्हणून माझी पहिली विनंती: लग्न ठरल्याच्या दिवशीच जन्मदाखला कपाटातून काढा आणि वाचा. नाव नसेल तर जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते घालून घ्या.

त्याच दिवशी सगळे कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पॅनवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. पासपोर्टात वडिलांचं नाव मुलीच्याच नावाला चिकटलेलं. आपल्याला यात काही खटकत नाही, कारण मधलं नाव वडिलांचं असतं हे आपल्याला ठाऊक आहे. जर्मन कारकुनाला ते ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांना ही चार वेगळी माणसं दिसतात. शक्य तितके कागद पासपोर्टासारखे करून घ्या, आणि विसा हातात येईपर्यंत लग्नानंतरचं नाव कुठेही लावू नका. सासरचं आडनाव घ्यायचं की नाही, हे पुढे जर्मनीत गेल्यावर निवांत ठरवता येतं. अर्ध्या वाटेत नाव बदललेल्या मुलींचे हाल मी पाहिले आहेत.

आता लग्नाकडे. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली लग्न करायला दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. जावई ख्रिस्ती असेल किंवा कोणताच धर्म मानत नसेल, तर मार्ग आहे विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. लग्न लावताना तीन साक्षीदार हवेत. नोटीस तीन महिने चालते, त्यात लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवड्यांची रजा इथेच अपुरी पडते. नोटिशीच्या वेळी परदेशी वर समोर हवा का, त्याचे कोणते कागद हवेत, हे तुमच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटून विचारा आणि मगच त्याचं तिकीट काढा. तो अविवाहित असल्याचा त्याच्या देशातला दाखला लागेल. आधी घटस्फोट झाला असेल तर तो अंतिम झाल्याचा शेरा असलेला हुकूमनामा लागेल.

दाखला लवकर मिळावा म्हणून घाईघाईने धर्मांतराचा विधी उरकायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. श्रद्धेने केलं तर ती वेगळी गोष्ट, पण कागदासाठी कुणालाही त्याचा धर्म बदलायला लावू नये असं मला फार मनापासून वाटतं. विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा आणि सप्तपदी, अक्षता, पंगत हे सगळं हौसेने नंतर करा. मुहूर्ताला कुणी हात लावत नाही.

लग्न जर्मनीतच करायचं असेल तर त्याचा विसाही निराळा, आणि तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाचे कागद त्याहून जास्त. लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा ते मागतात तसा दाखला भारत देत नाही, म्हणून तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून सूट घ्यावी लागते. टुरिस्ट विसावर जाऊन लग्न करायचं आणि तिथेच राहायचं, असा सल्लाही कानावर येईल. त्या विसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि राहण्याचा परवाना हवा तर सहसा भारतात परतून योग्य विसा घेऊनच यावं लागतं. नव्या संसाराची सुरुवात अशा टांगत्या तलवारीखाली करू नका.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात त्या शिक्क्याबद्दलही सांगते, कारण त्यात बरेच पैसे वाया जातात. एजंट म्हणतात, "मॅडम, सगळ्या दाखल्यांवर अपोस्टिल मारून देतो, जगात कुठेही चालतं." भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. त्यामुळे भारतीय दाखल्यावरचा तो शिक्का जर्मन कार्यालयात इतर देशांसारखा चालत नाही. तिथे शंका आली तर दाखल्याची खातरजमा करायला वकील नेमला जातो, तो मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन पाहतो, यात महिने जातात आणि खर्च अर्जदाराच्या माथी बसतो. म्हणून शिक्क्यांवर पैसे घालण्याआधी जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरची ताजी यादी वाचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी तो मुंबईचा जर्मन वाणिज्य दूतावास.

भाषेची परीक्षा हा दुसरा मोठा टप्पा. जर्मन नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला विसासाठी साधारणपणे ए-१ पातळीचं प्रमाणपत्र लागतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि १०० पैकी ६० गुण हवेत. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात वर्ग आहेत, परीक्षाही तिथे होते. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालं त्यांना मी सांगते, धास्ती घेऊ नका. आपल्यालाही तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत, त्यांनाही आहेत. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे डोईजड जातं ते आपल्याला ओळखीचं वाटतं. फक्त साखरपुडा झाला की वर्गात नाव घाला. लग्नाच्या गडबडीत अभ्यास होत नाही आणि परीक्षेची तारीखही मनासारखी मिळत नाही.

गोव्याकडच्यांना एक वेगळी वाट असते. जोडीदार गोव्यात मूळ असलेला पण पोर्तुगीज पासपोर्टवर जर्मनीत नोकरी करणारा असेल, तर तो युरोपीय संघाचा नागरिक म्हणून तिथे राहतो आणि त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला संघाच्या मुक्त संचाराचे नियम लागतात. त्यात विसाची फी नाही आणि ए-१ ची अटही नाही. अर्ज भरताना हे स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज नेहमीच्या रांगेत जातो.

निघण्याआधी बँकेत जा. परदेशी स्थायिक झाल्यावर नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफ आधीपासून असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. शेतजमिनीबद्दल मुली मला घाबरत घाबरत विचारतात, कारण घरात कुणीतरी म्हटलेलं असतं, "तू आता परदेशी झालीस, सातबाऱ्यावरनं नाव कमी करू." अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, हे खरं. पण आधीची ठेवता येते आणि वारशाने मिळतेही. जाण्याच्या धांदलीत हक्कसोडपत्रावर सही करू नका. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर एका ठरावीक कामापुरतं द्या, आणि ज्याच्यावर खरा विश्वास आहे त्यालाच द्या.

इथे पोहोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला कागद लागतो, तो नवऱ्याने आधीच आणून ठेवावा. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याचा परवाना घ्यायचा. मोठ्या शहरांत तिथली तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्याआधीच मागा. परवान्याबरोबर नोकरीचा हक्क मिळतो. नवरा सरकारी आरोग्य विम्यात असेल आणि तुमची कमाई नसेल, तर तुम्ही त्याच्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता बसता. भारतातलं लायसन्स सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. भाषेचा इंटिग्रेशन कोर्स साधारण ७०० तासांचा असतो. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडतो त्या दिवसांत, त्या वर्गाने मला माणसांत ठेवलं. तो टाळू नका, नवरा इंग्रजी उत्तम बोलत असला तरीही.

आता जे आईवडील बोलायला कचरतात ते. तुमचा परवाना सुरुवातीला लग्नावर उभा असतो. एकत्र संसाराला जर्मनीत तीन वर्षं झाली की सहसा तो तुमचा स्वतःचा होऊ शकतो. पण मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर त्याआधीही स्वतंत्र परवाना मागायची तरतूद कायद्यातच आहे. "तू मला सोडलंस तर तुला उद्या हाकलून देतील," ही धमकी ऐकून गप्प बसलेल्या बाया मला भेटल्या आहेत. एकीने दोन वर्षं काढली, कारण तिला वाटलं होतं की दुसरा मार्गच नाही. ११६ ०१६ हा बायकांसाठीचा मदतीचा नंबर आहे, रात्रंदिवस चालू, फुकट, आणि अनेक भाषांत. मुलीच्या फोनमध्ये तो निघण्याआधी घाला, जावई कितीही गुणी असला तरी. माझा नवरा देवमाणूस आहे, तरी माझ्याकडे तो आहे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, स्वतःच्या नावाचं बँक खातं पहिल्या महिन्यात उघडा, आणि परतीच्या तिकिटाइतके पैसे त्यात कायम राहू द्या. वडील मंडळींनो, मुलीच्या अंगावर आणखी दोन तोळे घालण्याऐवजी ते पैसे तिच्या खात्यात टाका.

मूल झालं तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबतचा १९८० चा हेग करार जर्मनीने स्वीकारला आहे, भारताने नाही. भांडण झालं म्हणून न सांगता मुलाला घेऊन माहेरी आलं की जर्मनीत गुन्ह्याचं प्रकरण होऊ शकतं. आधी तिथल्या कुटुंब वकिलाला भेटा.

नागरिकत्वाची घाई नको. जून २०२४ पासून जर्मनी आपल्या बाजूने दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं, भारत मात्र घेत नाही. जर्मन पासपोर्ट हातात घेतला की भारतीय जातो आणि परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. जावयाला किंवा सुनेला मात्र लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाल्यावर ते कार्ड मागता येतं. मग दर खेपेला भारताच्या विसाची धावपळ उरत नाही, आणि आजीच्या आजारपणात दोघांना एकाच विमानाने येता येतं.

सामान भरताना मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मसाल्यांच्या बॅगेत नको. आणि घरी पोहोचल्यावर जिना चढण्याआधी खालच्या पत्रपेटीवर तुमचं नाव लावून घ्या, नवऱ्याच्या नावाखाली, पूर्ण, पासपोर्टात आहे तसंच. इथे कराचा नंबर, विम्याचं कार्ड, परवान्याच्या भेटीची तारीख, सगळं पोस्टाने येतं. पेटीवर ते नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो.