पूर्वपरीक्षेची चाळणी आणि उत्तीर्णांची टक्केवारी

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून सेवा करावयाची असेल, तर 'एन-क्लेक्स' ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे. रुग्णसेवेसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणींच्या घरी हे नाव परिचित आहे. ही परीक्षा भारतातूनही देता येते. तिच्याआधी तेथील बहुतेक महाविद्यालये विद्यार्थ्यांची 'सिद्धता चाचणी' घेतात. 'हेसी' आणि 'एटीआय' या त्यांपैकी प्रमुख होत. या चाचण्यांमुळे निकाल सुधारतो, असा दावा केला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांवरील दडपण खरे आहे. कॅलिफोर्नियात प्रथम प्रयत्नात किमान ७५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण व्हावे लागतात. अन्यथा अभ्यासक्रमाची मान्यता धोक्यात येते. त्यामुळे चाचणीत ठरावीक गुण न मिळविणाऱ्यास पदवीपासून अथवा परीक्षेपासून रोखण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली. 'हेसी'साठी ८५० हा आकडा जणू उंबरठाच बनला.

येथे एक साधे गणित मांडू. समजा, शंभर विद्यार्थी आहेत. चाचणीत मागे पडलेल्या वीस जणांना थांबविले. उरलेल्या ऐंशींपैकी शहात्तर उत्तीर्ण झाले. निकाल ९५ टक्के. परंतु त्या वीस जणांनाही बसू दिले असते आणि त्यांतील दहा उत्तीर्ण झाले असते, तर निकाल ८६ टक्के लागला असता. टक्केवारी घसरली असती, पण दहा परिचारिका अधिक मिळाल्या असत्या! पहिल्या निकालात अध्यापन तसूभरही सुधारलेले नाही. केवळ छेद बदलला आहे. नव्व्याण्णव मेंढरे मोजून कळप पूर्ण असल्याचे सांगणारा मेंढपाळ आपल्याला शुभवर्तमानात भेटत नाही.

ही शंका काल्पनिक नाही. या चाचण्या उत्तम गुण मिळविणाऱ्यांचे यश बऱ्यापैकी अचूक वर्तवितात. अपयश मात्र तितके अचूक वर्तवीत नाहीत. कमी गुण मिळालेले कित्येक जण प्रत्यक्ष परीक्षेत उत्तीर्ण होतात. म्हणूनच अमेरिकेतील 'नॅशनल लीग फॉर नर्सिंग'ने २०१२ साली न्याय्य परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. एकाच चाचणीवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, हा त्यांचा गाभा होता.

राष्ट्रीय आकडेही सावधपणे वाचावेत. तेथेच शिकून प्रथमच परीक्षा देणाऱ्यांचा निकाल २०२२ मध्ये सुमारे ८० टक्के होता, २०२४ मध्ये सुमारे ९१ टक्के. या दरम्यान, एप्रिल २०२३ मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलले आणि अंशतः बरोबर उत्तरांनाही गुण मिळू लागले. महामारीत प्रत्यक्ष रुग्णालयीन अनुभवाला मुकलेल्या तुकड्याही हळूहळू बाहेर पडल्या. या वाढीचे श्रेय पूर्वचाचण्यांना देणे धाडसाचे ठरेल. भारतासह इतर देशांत शिकलेल्यांचा प्रथम प्रयत्नातील निकाल याहून खूपच कमी, साधारण निम्म्याच्या आसपास असतो.

सिद्धता चाचणीचा खरा उपयोग निदानासाठी आहे. औषधांच्या मात्रेत चूक होते की रुग्णांचा अग्रक्रम ठरविताना, हे वेळीच कळले तर शिकवणीला दिशा मिळते. ताप मोजला म्हणजे तो उतरत नाही, हे परिचारिकेला वेगळे सांगावयास नको! महाविद्यालय वा शिकवणी वर्ग निवडताना पालकांनी प्रवेश घेतलेले किती आणि परीक्षेस बसविलेले किती, हे दोन्ही आकडे मागावेत. परीक्षेचे शुल्क २०० डॉलर असून अमेरिकेबाहेर बसणाऱ्यास आणखी १५० डॉलर भरावे लागतात. अपयश आल्यास पुढील प्रयत्नासाठी किमान ४५ दिवस थांबावे लागते.