मूक सभेचा अपराध

प्रसंग तसा नेहमीचा. शाळेचे स्नेहसंमेलन. आठवीतील एक मुलगा रंगमंचावर नाचता नाचता अडखळतो आणि पडतो. कुणीतरी तो क्षण मोबाइलवर टिपतो. पूर्वी ही गोष्ट मधल्या सुट्टीत चघळली गेली असती आणि चार दिवसांत विरून गेली असती. आता त्याच रात्री त्या छायाचित्राचे स्टिकर तयार होते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणी गृहपाठ विचारला, की उत्तरादाखल ते स्टिकर पडते. सहलीचा विषय निघाला, की पुन्हा तेच. गटात बेचाळीस मुले आहेत. स्टिकर बनवणारा एक, ते सतत टाकणारे तिघे-चौघे, हसणारे दहा-बारा. उरलेली पंचवीस मुले काहीच करीत नाहीत. ती केवळ पाहतात. आठवड्याभराने त्या मुलाचे रोज सकाळी, नेमके शाळेच्या वेळी, पोट दुखू लागते. आईला वाटते, परीक्षा जवळ आली आहे.

कोणत्याही गावातील शिक्षकाला विचारा. या चित्रातील नाव-गाव तो स्वतःच्या अनुभवातून भरून देईल. या विषयावर बोलताना आपण त्या चौघांना शिक्षा काय, असे विचारतो; फार तर त्या एकट्या मुलाला धीर कसा द्यावा, असे विचारतो. परंतु खरा प्रश्न त्या गप्प बसलेल्या पंचवीस मुलांचा आहे आणि त्यांना गप्प बसायला शिकवणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

चिडवणे आणि छळणे

‘आमच्या वेळीही मुले एकमेकांना चिडवायचीच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. चिडवणे आणि छळणे यांतील सीमारेषा मात्र आपण नीट ओळखली पाहिजे. नॉर्वेत १९८२ साली शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनी समाज हादरला आणि पुढच्याच वर्षी तेथे शालेय छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्या कामाचे प्रणेते, मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : तो हेतुपुरस्सर असतो, तो पुनःपुन्हा होतो आणि ज्याचा छळ होतो त्याला प्रतिकार करता येत नाही, इतके दोन्ही बाजूंचे बळ विषम असते.

मोबाइलने ही तिन्ही लक्षणे अधिक उग्र केली. शाळेची घंटा झाली, की पूर्वी छळ थांबत असे. घराचा उंबरठा ही सुरक्षिततेची सीमा होती. आता छळ उशाशी येऊन बसतो. एकदा टाकलेले चित्र शंभर ठिकाणी जाते, त्यामुळे ‘पुनःपुन्हा’ व्हायला छळणाऱ्याने पुन्हा काही करण्याचीही गरज उरत नाही. आणि सर्वांत घातक गोष्ट ही, की समोरच्याचे रडणे दिसत नाही. मैदानावर एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले, की धक्का देणाऱ्या मुलाचाही हात कधीतरी थबकतो. पडद्याआडून तो थबकण्याचे कारणच उरत नाही.

हा प्रश्न काही मोजक्या, लाडावलेल्या मुलांचा आहे, असेही समजू नये. युनिसेफने २०१९ साली तीस देशांतील तरुणांचा कौल घेतला, तेव्हा दर तिघांपैकी एकाने आपण आंतरजालावरील छळ सोसल्याचे सांगितले. दर पाचांपैकी एकाने त्यापायी शाळा बुडवली होती. त्यानंतर मार्च २०२० मध्ये आपल्या शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाच्याच नावाने मोबाइल मुलांच्या हाती आला. तो देताना वापरण्याची रीत आपण कितीशी दिली?

आपल्याकडचे धडे

आपल्या देशाला याचा पहिला मोठा धक्का २००४ साली बसला. दिल्लीतील एका शाळेतील दोन विद्यार्थ्यांची मोबाइलवर चित्रित केलेली खासगी ध्वनिचित्रफीत सर्वत्र पसरली, एका लिलाव-संकेतस्थळावर विक्रीलाही आली. संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, न्यायालयात वाद झाले. पण ती चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या, मिटक्या मारीत पाहणाऱ्या प्रतिष्ठितांना कुणी जाब विचारला नाही.

मे २०२० मध्ये पुन्हा दिल्लीच. शाळकरी मुलांच्या ‘बॉइज लॉकर रूम’ नावाच्या इन्स्टाग्राम गटात मुलींची छायाचित्रे आणि त्यांवरील किळसवाणे शेरे उघड झाले. समाजाचा संताप रास्तच होता. परंतु त्याच लाटेत आणखी एक संवाद या गटाचा म्हणून फिरवला गेला. पोलीस तपासात निघाले ते वेगळेच : त्या संवादाचा या गटाशी संबंध नव्हता आणि मुलाच्या खोट्या नावाने तो एका मुलीनेच केला होता. त्याच दिवसांत गुरुग्राममध्ये समाजमाध्यमावर आरोप झालेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने जीवन संपवले. आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याची जागा न्यायसंस्था होती; निवाडा मात्र गर्दीने काही तासांत देऊन टाकला. छळाविरुद्ध उठलेली गर्दीही स्वतः छळ करू शकते, हा या घटनेचा कडू धडा आहे.

आज तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणत्याही मुलीच्या साध्या छायाचित्रावरून अश्लील चित्र तयार करता येते. ‘तू असा फोटो काढू दिलासच का?’ हा प्रश्नच आता निरर्थक झाला आहे. तिने काहीही काढू दिलेले नसते.

कायदा आहे, पण...

‘कायदाच नाही’ ही समजूत खरी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, आणि ते योग्यच झाले. त्याची भाषा इतकी मोघम होती, की कुणाच्याही साध्या मतावर बडगा उगारता येई. मात्र दुसऱ्याच्या नावाने खाते चालवणे, खासगी अवयवांचे चित्रण पसरवणे, अश्लील मजकूर पाठवणे यांसाठी त्याच कायद्यात कलमे आहेत. पाठलाग आणि धमकी यांसाठी भारतीय न्याय संहिता आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक छळासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि त्यात घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू झाकण्यासाठी प्रकरण दडपणारे याच कायद्याने दोषी ठरतात.

पण स्टिकरच्या त्या प्रकरणात कायदा फारसा कामाचा नाही, आणि नसावाही. छळणारा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तोही आपलाच आहे. त्याला ठाण्यात नेऊन तो सुधारेल, या भ्रमात राहू नये. गंभीर गुन्ह्याला कायदा हवाच. परंतु त्या अलीकडचे विशाल क्षेत्र घर आणि शाळा यांचे आहे.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा उपक्रम सिद्ध केला आणि २००९ पासून तो तेथील शाळांत देशभर राबवला गेला. त्याचे मर्म एवढेच, की छळणारा नेहमी प्रेक्षकांसाठी छळतो. प्रेक्षकांनी दाद देणे थांबवले, की त्याचा खेळ संपतो. म्हणून तेथे धडे साऱ्या वर्गाला दिले जातात. एखादे प्रकरण घडले, तर वर्गात ज्यांना मान आहे अशा मुलांना विश्वासात घेऊन, पीडित मुलाच्या बाजूने उभे राहायला सांगितले जाते.

हे ऐकून आपल्याला कुरुसभा आठवावी. द्रौपदीची विटंबना करणारे मोजके होते. मान खाली घालून बसलेले पुष्कळ होते, आणि ते ज्ञानी होते, वयोवृद्ध होते. त्या सभेत धृतराष्ट्राचाच एक तरुण पुत्र, विकर्ण, उभा राहिला. हा अधर्म आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याला पोर ठरवून गप्प केले गेले. प्रत्येक वर्गात एक विकर्ण असतो. ‘तू कशाला मध्ये पडतोस?’ असे म्हणून आपण घरीच त्याचा आवाज बंद करतो, की ‘शाबास’ म्हणतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट : मुलाने सांगितले, की मोबाइल हिसकावू नये. मुले सांगत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. छळ दुसऱ्याने करायचा आणि शिक्षा आपल्याला, हा हिशेब त्यांना पटत नाही. आधी शांतपणे ऐकावे. ‘तुझी चूक नाही’ हे शब्द उच्चारावेत.

दुसरी : उलट शिवीगाळ करू देऊ नये आणि संतापाने मजकूर पुसूनही टाकू नये. तारीख व नाव दिसेल असे स्क्रीनशॉट जपावेत. मात्र लहान मुलांचे अश्लील चित्र ‘पुरावा’ म्हणूनही कुणाला पाठवू नये; ते पाठवणे हाच गुन्हा आहे. अशी चित्रे समाजमाध्यमांवर पसरू नयेत म्हणून अल्पवयीनांसाठी ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा आहे. तिच्यात मूळ चित्र कुणालाही पाठवावे लागत नाही.

तिसरी : शाळेला लेखी कळवावे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांसाठी सखी-सावित्री समित्यांचा निर्णय केला आहे. आपल्या शाळेत ती समिती कागदावर आहे की कामात, हे पालकसभेत विचारावे. धमकी वा अश्लीलता असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, मुलांसाठी १०९८ आणि मन खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६ हे मार्ग उपलब्ध आहेत. मूल जगण्याविषयीच निराशेने बोलू लागले, तर त्याला एकटे ठेवू नये आणि वैद्यकीय मदतीस क्षणाचाही विलंब लावू नये.

आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत अवघड आहे. मुले उपदेशाने शिकत नाहीत, पाहून शिकतात. कुटुंबाच्या, सोसायटीच्या, वर्गमित्रांच्या गटांत आपण काय पाठवतो? कुणाच्या रंगावरचा, बांध्यावरचा, बोलण्याच्या ढबीवरचा विनोद आला, की आपण हसरा चेहरा टाकून पुढे ढकलतो की नाही? कुणाची खात्री न केलेली बदनामी ‘आली तशी’ पाठवतो की नाही? बाजूला बसलेले मूल हे सारे पाहत असते. संस्कार हा शब्द आपण फार उच्चारतो. आजच्या काळात त्याची कसोटी हातातील त्या छोट्या पडद्यावर लागते आणि ती मुलांच्या आधी आपली लागते.

आज रात्री त्या बेचाळीस जणांच्या गटात ते स्टिकर पुन्हा पडेल. तेव्हा एखाद्या मुलाने ‘आता पुरे रे, थांबवा’ एवढे लिहिले, तर उद्या सकाळी कुणाचे तरी पोट दुखणार नाही. ते तीन-चार शब्द लिहिण्याचे बळ त्याच्या बोटांत यावे, हे काम आपले आहे.