मेल आलाच नाही, सर!

आपल्या कॉलेजमध्ये सर्वात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? "मेल आलाच नाही, सर!" सबमिशनच्या आठवड्यात तर याचं पारायणच चालू असतं. त्यावर सरांचं उत्तरही ठरलेलं, "तू पाठवलाच नसशील." मग दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, असं धरून सगळे मोकळे होतात. मित्रांनो, माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा दोघेही खरं बोलत असतात. मेल जातो, सर्व्हरपर्यंत नीट पोचतो, आणि तिथे तिसराच कोणीतरी ठरवतो की हा कचरा आहे. हा लेख त्या तिसऱ्याबद्दल आहे.

आपल्या सर्व्हरवर (लिनक्स, पोस्टफिक्स, वर स्पॅमअसॅसिन, म्हणजे तसं नेहमीचंच) प्रत्येक मेलला गुण दिले जातात. परीक्षेच्या उलट प्रकार! इथे जास्त गुण म्हणजे नापास. पाच गुण झाले की मेल स्पॅम. हे गुण देताना स्पॅमअसॅसिन स्वतःची अक्कल तर वापरतोच, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारतो. हीच ती सहकारी पद्धत. आपल्या किनाऱ्यावर एका होडीचं जाळं पाण्याखालच्या खडकात अडकून फाटलं की ती बातमी संध्याकाळपर्यंत बंदरावर होते आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या होड्या ती जागा टाळतात. तसंच एकाला आलेला स्पॅम त्याने कळवला, की त्याचा ठसा एका सामाईक सर्व्हरवर नोंदला जातो. तोच मेल दुसऱ्याकडे गेला की त्याचा सर्व्हर विचारतो, "हा ठसा कोणी पाहिलाय का?"

ही कल्पना गाजवणाऱ्यांमध्ये आपला एक भारतीय आहे, विपुल वेद प्रकाश. त्याच्या सॉफ्टवेअरचं नावच 'विपुल्स रेझर'. २००१ मध्ये त्याने जॉर्डन रिटरबरोबर क्लाउडमार्क ही कंपनी काढली, ती २०१७ मध्ये प्रूफपॉइंटने घेतली. रेझरचा क्लायंट खुला, पण मागचा सर्व्हर मात्र कंपनीच्या हातात. त्याच धर्तीवर पायथनमध्ये लिहिलेला 'पायझर' दोन्हीकडून खुला आहे. क्लायंटचा आणि सर्व्हरचा कोड कोणीही वाचावा, कोणीही चालवावा. आपल्याकडे पायझर आहे. बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर एक, आणि कॉलेजने स्वतः चालवलेला एक, अशा दोघांना तो विचारतो. हे कॉलेजने फार चांगलं केलंय असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण कोड समोर असल्यामुळेच पुढचं सगळं आम्हाला कळू शकलं.

झालं असं. माझ्या रूम पार्टनरने स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी संबंधित ऑफिसला मेल केला. घाईत नुसती फाइल जोडली. वर एक ओळ नाही, विषय नाही. ऑफिस म्हणालं, आलाच नाही. तारीख उलटून गेली. तिचे वडील वर्षाच्या फीसाठी ज्या रकमेवर अवलंबून होते, ती रक्कम आता कधी मिळणार याचं उत्तर अजून तिला कोणी दिलेलं नाही. रडारड झाली, मग भांडण झालं, आणि शेवटी लॅबमधल्या सरांनी सर्व्हरचा लॉग उघडला. मेल आला होता! पायझरचे गुण, विषय नसल्याचे गुण, आणखी किरकोळ दोन-तीन, बेरीज पाचच्या वर. आणि आपल्या सर्व्हरवरचा नियम असा की पाचच्या वर गेलेला मेल गुपचूप पुसून टाकायचा.

आता, एका मुलीच्या उत्पन्नाचा दाखला जगात आधी कोणी स्पॅम म्हणून कळवला असेल का? नाही ना! पण पायझरच्या ठशात जोडलेल्या फाइलमधलं जवळजवळ काहीच उरत नाही, उरतो तो मजकूर. मजकूरच नसेल तर ठसा निघतो रिकाम्या मजकुराचा, आणि रिकाम्या मजकुराचा ठसा सगळ्या जगात एकच असतो. 'डीए३९ए३' ने सुरू होणारा. कुठल्या ना कुठल्या देशात कोणीतरी चित्र चिकटवलेला, अक्षर नसलेला स्पॅम कळवतच असतो, त्यामुळे त्या ठशापुढे तक्रारींचा ढीग. म्हणजे नुसती फाइल जोडून असाइनमेंट पाठवणारे आपण सगळे त्या ढिगाचे मानकरी. पायझरमध्ये अशा ठशाला आपल्यापुरतं वगळायची कमांडही आहे, तिचं नाव लोकल व्हाइटलिस्ट. एका ओळीचं काम. आपल्याकडे ते केलेलं नव्हतं.

याहून मजेशीर (खरं तर चीड आणणारी) गोष्ट मराठीची आहे. ठसा काढण्याआधी पायझर मजकूर सोलतो. मेलचे पत्ते काढतो, लिंक काढतो, दहा किंवा जास्त अक्षरांचे शब्द काढतो, मग आठपेक्षा कमी अक्षरं उरलेली ओळ पूर्ण टाकून देतो. कारण स्पॅम पाठवणारे प्रत्येक मेलमध्ये वेगवेगळी लांबलचक निरर्थक अक्षरं घुसवतात. युक्ती चांगली आहे, आणि इंग्रजीत रोजचे बहुतेक शब्द दहाच्या आत मावतात. पण देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळं कॉम्प्युटर वेगळं मोजतो. 'अभियांत्रिकी' म्हणताना आपण पाच अक्षरं म्हणतो, कॉम्प्युटर बारा मोजतो. 'महाविद्यालय' अकरा. 'सर्व विद्यार्थ्यांनो' अशी ओळ घ्या. 'विद्यार्थ्यांनो' गळलं, मागे राहिलं 'सर्व', ते आठपेक्षा कमी, म्हणून ओळच गेली! चार-पाच शब्दांचा शुद्ध मराठी मेल सोलता सोलता कांद्यासारखा संपतो आणि पुन्हा तोच रिकामा ठसा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, माझं मराठी काही फार थोर नाही. तरी हे वाचून मलासुद्धा राग आला. मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागवणारे छोटे मेल पाठवले आणि 'प्रतिसाद शून्य' म्हणून आम्हाला दोष दिला, त्याचं उत्तर कदाचित इथे असेल.

आता थोडं आपल्याबद्दल. हॉस्टेलमध्ये एक फॅशन आहे. मेसच्या बिलाची नोटीस आली, मार स्पॅम. रेक्टरची नोटीस आली, मार स्पॅम. आपल्या वेबमेलमधलं ते बटण म्हणजे नुसता राग काढायची जागा नाही, ते मत आहे, आणि कॉलेजच्या पायझर सर्व्हरवर ते नोंदलं जातं. मेल चार ओळींपेक्षा मोठा असेल तर पायझर सगळा मजकूर घेतच नाही. २० टक्क्यांनंतरच्या तीन ओळी आणि ६० टक्क्यांनंतरच्या तीन ओळी, बस्स. ऑफिसच्या नोटिसा एकाच साच्यातल्या. तारीख वर बदलते, मधल्या ओळी त्याच. म्हणजे आज पाच जणांनी कंटाळून एका नोटिशीवर बटण दाबलं, तर पुढच्या महिन्यातली त्याच साच्यातली नोटीस कोणालाच न मिळण्याची पूर्ण सोय झाली. चांगल्या मासळीच्या जागेला पाच जणांनी 'खडक आहे' म्हणून सांगितल्यासारखं. नको असलेला मेल आणि स्पॅम यात फरक आहे, मित्रांनो. मेसचं बिल कोणालाच नको असतं!

स्टाफला मात्र माझा प्रश्न वेगळा आहे. फिल्टर बिघडला की आपल्याला कळतं का? मागे नवीन फायरवॉल बसला तेव्हा यूडीपीचा २४४४१ हा पोर्ट बंद झाला आणि बाहेरच्या पायझरची उत्तरं यायची थांबली. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचपावती नाही. सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि गुण न देता पुढे जातो. सगळं हिरवं दिसतं, फक्त कचरा वाढतो. पोर्ट उघडल्यावर दुसरी गंमत. सरांनी हाताने पिंग केलं की उत्तर यायचं, खरा मेल आला की यायचं नाही. कारण मेल तपासणारी सर्व्हिस वेगळ्या युजरच्या नावाने चालते आणि त्याच्या होम डिरेक्टरीत पायझरची सेटिंग्जच नव्हती. हे शोधायला दोन दुपारी गेल्या. युनिक्सवर "माझ्याकडे तर चालतंय" याला काही अर्थ नाही, कोणाच्या नावाने चालतंय ते आधी बघावं लागतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. पण मेलची रचना अशा प्रसंगांसाठीच आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं तर "पोचला नाही" असं पाठवणाऱ्याला कळवतो. वादळात न हरवणारा मेल आपण आपल्या हाताने हरवतो, आणि कोणाला कळवतही नाही, हे मला पटत नाही. स्पॅमअसॅसिन स्वतः काहीच पुसत नाही, तो फक्त शिक्का मारतो. पुसायचं की ठेवायचं हे माणूस ठरवतो.

म्हणून मागणी सरळ आहे. पुसणं बंद करा, शिक्का मारून वेगळ्या फोल्डरमध्ये तीस दिवस ठेवा. डिस्कची अडचण सांगू नका, लॅबमधल्या मशीनवर किती सिनेमे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. दर सोमवारी ज्याच्या त्याला अडकलेल्या मेलची यादी जाऊ दे. रिकाम्या ठशाला वगळा. आणि 'स्पॅम' बटणाच्या शेजारी 'हा स्पॅम नाही' असं बटण द्या. रेझरमध्ये त्यासाठी रिव्होक आहे, पायझरमध्ये व्हाइटलिस्ट आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांनी तक्रार मागे घ्यायची सोय आधीच करून ठेवलीय. सरांनी मला सांगितलं की स्क्रिप्ट कोणी लिहून दिली तर ते लावतील. थर्ड इयरचे दोघे जण तयार आहेत, पायथन येणारा आणखी एक हवाय. गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर नाव लिहून ठेवा. मेल करू नका!