एबीसीडी पाठ, वाचन सपाट

आनेकल हा बंगळुरूच्या दक्षिणेचा, तमिळनाडूला खेटून असलेला तालुका. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेलेच्या कारखान्यांमुळे इथे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी एकाच गल्लीत कानावर पडतात. कर्नाटकाने २००७ मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणलं; महाराष्ट्राने त्याआधीच, २००० साली. तरी अडचण दोन्हीकडे तीच.

इथल्या मराठी घरातलं मूलही झेडपर्यंत घडाघडा म्हणतं आणि ‘कॅट’पाशी अडतं. बरोबरच आहे! सी, ए, टी जोडून ‘सीएटी’ होतं, ‘कॅट’ कसं होईल? आपल्या मुळाक्षरांत नाव तोच उच्चार, म्हणून आईबाबांना हा घोळ लक्षातच येत नाही. (‘चार’ आणि ‘चाक’मधला च वेगळा, पण तो कुणी शिकवावा लागत नाही.) इंग्रजीत अक्षरं २६, आवाज मात्र सुमारे ४४. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आपण दोन्हींना सरसकट ‘व’ म्हणून मोकळे.

पालकांनो, घोकंपट्टी थोडी थांबवा. आधी एस, ए, टी, पी, आय, एन यांचे नुसते आवाज शिकवा. एवढ्या सहांवर ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ मुलाला स्वतः वाचता येतात.