सावलीमागचा कागद

सिल्हूटला मराठीत धड नाव नाही. ‘छायाचित्र’ हा शब्द अर्थाने त्याचाच होता, पण तो आपण फोटोग्राफला देऊन टाकला. युरोपातही हे नाव चेष्टेतूनच आले असे मानतात. एत्येन द सिल्हूट हा १७५९ साली जेमतेम आठ महिने फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीमुळे जे जे स्वस्त आणि अपुरे, त्याला त्याचे नाव चिकटले. रंग नाही, डोळे नाहीत, केवळ चेहऱ्याची एका बाजूची काळी कड असलेले हे चित्र त्या नावाला अगदी शोभणारे होते.

या जुन्या कागदी सिल्हूटांचा संग्रह करणारे रसिक इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्या कॅटलॉगांत कातरीची सफाई, पापणीचा केस, कॉलरची चुणी यांचे बारकाईने वर्णन असते. माझी तक्रार या रसिकतेबद्दलच आहे. सिल्हूटमध्ये सर्वांत कमी बोलणारी गोष्ट असेल तर ती काळी आकृती. बोलतो तो तिच्या भोवतीचा कागद: चौकटीमागे चिकटवलेले दुकानाचे छापील लेबल, कडेला शाईने लिहिलेले नाव, कोपऱ्यातला उठावाचा शिक्का. जॉन मायर्स हा चित्रकार लीड्सहून लंडनला आला. त्याचे चित्र कोणत्या काळातले हे ठरवताना मागच्या लेबलावरचा पत्ता जितका उपयोगी पडतो, तितके पुढचे नाक पडत नाही. आणि चौकट बदलताना पहिल्यांदा फेकले जाते ते हे लेबलच.

ऑगुस्त एदुआर (१७८९–१८६१) या फ्रेंच कारागिराला हे पुरते कळले होते. काळा कागद दुमडून तो एकाच वेळी दोन प्रती कापी. एक गिऱ्हाईकाला देई, दुसरी स्वतःच्या अल्बममध्ये चिकटवून तिच्याखाली नाव, गाव, तारीख लिही. १८३९ पासून दहा वर्षे तो अमेरिकेत हिंडला. १८४९ च्या डिसेंबरात परतताना त्याचे जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटले आणि बहुतेक अल्बम समुद्रात गेले. वाचले ते त्याने तिथल्या एका कुटुंबाला दिले, आणि स्वतः हा धंदा सोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी हे अल्बम एमिली जॅक्सन यांच्या हाती आले. त्यांनी त्यांवर ग्रंथ लिहिले, हे ऋण मान्यच आहे. पण पुढे त्यांतली पुष्कळ चित्रे सुटी होऊन विकली गेली. एकाच गावातली, एकाच आठवड्यात बसलेली माणसे पानोपानी शेजारी होती. तो शेजार मोडला. एखाद्या कवीची वही उसवून कविता सुट्या विकाव्यात, तसे हे झाले.

याच्या उलट विल्यम बाशची वही. सुमारे १,८०० चेहऱ्यांची ही वही वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत अजून बांधलेल्या अवस्थेत आहे. तिच्या कागदात आर्सेनिक आढळल्यामुळे ती हाताळणे धोक्याचे, म्हणून पाने यंत्राने टिपून अभ्यासकांना खुली केली आहेत. (संग्राहकापासून वही वाचवायला विष लागावे, हे मला अगदीच अयोग्य वाटत नाही.)

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. काळ्या आकृतीत सगळेच काळे दिसतात. श्रीमंत गोरा व्यापारी आणि त्याची गुलाम स्त्री यांच्या छायांत कातडीचा रंग सांगणारे काहीच नसते. यावरून कुणी या कलेला समतेचे श्रेय देते. ते मला पटत नाही. कनेटिकटमधील फ्लोरा नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची अशी एक आकृती आहे. ती कोण हे आपल्याला ठाऊक आहे, ते आकृतीबरोबर टिकलेल्या खरेदीखतामुळे: १७९६ च्या डिसेंबरात तिला पंचवीस पौंडांना विकले गेले. ज्या कागदाने तिला वस्तू केले, त्याच कागदामुळे ती आज निनावी नाही. हे अवघडलेपण नुसत्या छायेत कधीच दिसले नसते.

आणि मोझेस विल्यम्स. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराच्या घरी हा गुलाम होता. १८०२ मध्ये तो मुक्त झाला आणि त्याच सुमारास पीलच्या संग्रहालयात चेहऱ्याची कड रेखणारे यंत्र आले. यंत्र रेघ काढी, विल्यम्स कापी. पांढरा कागद दुमडून आतला चेहरा कापून काढायचा आणि त्या भोकामागे काळे लावायचे, म्हणजे एका बैठकीत चार प्रती. १८०३ या एका वर्षात अशा ८,०००हून अधिक बैठका झाल्याचे पीलने नोंदवले आहे. दर ८ सेंट. त्या कागदांवर शिक्का उमटला तो संग्रहालयाचा. कापणाऱ्याचे नाव कुठेच नाही. तेव्हा चौकटीत बसावे म्हणून असा कागद खालून दोन बोटे छाटणारा माणूस शिक्का छाटतो, आणि विल्यम्सच्या हातापर्यंत पोचवणारा उरलासुरला एकमेव धागाही छाटतो. साहित्याच्या वर्गात आपण हस्तलिखितातली खाडाखोड जपायला शिकवतो. इथे मात्र पांढरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा समजली जाते.

विल्यम्सची स्वतःची एक छायाकृती फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत आहे. ती पीलचा मुलगा राफाएल याने कापली असे परंपरेने मानत. ग्वेंडोलिन ड्युबॉइस शॉ यांनी २००५ मध्ये ती विल्यम्सनेच स्वतःची कापली असावी अशी शक्यता मांडली. वाद मिटलेला नाही. पण वाद घालता येतो, याचे कारण चेहऱ्याखाली शिल्लक राहिलेल्या पांढऱ्या पट्टीवर कुणीतरी एक ओळ लिहिली आहे: मोझेस विल्यम्स, छायाकृती कापणारा.