विश्लेषण : पदनाम नवे, पगार तोच, मग कर्मचारी अस्वस्थ का?

ठाणे, ऐरोली, पवई किंवा बीकेसीतल्या कार्यालयांत जाण्यासाठी रोज सकाळी दिव्यातून लोकल पकडणाऱ्यांत सल्लागार आणि आयटी कंपन्यांतले नोकरदारही असतात. या क्षेत्रात सध्या चर्चा आहे ती पदनामांच्या फेररचनेची.

नेमके काय बदलते आहे?

‘डेलॉइट’ने अमेरिकेतील सुमारे १ लाख ८१ हजार ५०० कर्मचाऱ्यांसाठी नवी पदरचना जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केली. ती लागू होण्याची तारीख ठरली १ जून २०२६. अॅनालिस्ट, कन्सल्टंट, मॅनेजर ही सर्वांना सरसकट लागू असलेली उतरंड जाऊन ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर ३’ यांसारखी कामानुसार पदनामे आणि ‘एल४५’, ‘एल५५’ असे अंतर्गत स्तर येणार. पगार आणि रोजचे काम बदलणार नाही, असे कंपनीचे म्हणणे. त्याआधी ‘अॅक्सेंचर’ने आपल्या सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांना ‘रीइन्व्हेंटर्स’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्या शब्दाची थट्टाही झाली.

नाराजी कशाची?

कंपनीची बाजू अगदीच लंगडी नाही. सल्लागार कंपन्यांत आज अभियंते, विदातज्ज्ञ, डिझायनर असे सगळेच काम करतात. त्यांना एकाच शिडीवर बसवणे अवघड आहे. पण कर्मचाऱ्यासाठी पदनाम ही बाजारात चालणारी ओळख असते. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘मॅनेजर’ हा शब्द सर्वांना कळतो, ‘एल५५’ कंपनीबाहेर कोणाला कळणार? गृहकर्जाच्या अर्जात आणि लग्नाच्या बायोडेटातही हुद्द्याचा रकाना असतोच. खरी भीती वेगळी आहे. शिडीच्या पायऱ्या बदलल्या की आपली बढती किती दूर होती आणि आता किती दूर गेली, हे मोजता येत नाही.

कायदा काय पाहतो?

भारतातील कायदा हुद्द्याला फारसा भुलत नाही. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले, की कर्मचारी ‘कामगार’ आहे की नाही हे त्याच्या मुख्य कामावरून ठरते, पदनामावरून नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन असलेले पर्यवेक्षक ‘कामगार’ व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे कोणाला नुसते ‘मॅनेजर’ म्हटले, म्हणून त्याचे संरक्षण आपोआप जात नाही. शिवाय ‘श्रेणीनुसार वर्गीकरण’ ही बाब सेवाशर्तींत मोडते. कामगारांच्या बाबतीत तीत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र हे कलम वापरायला कर्मचारी ‘कामगार’ ठरावा लागतो, आणि सल्लागार कंपन्यांतले अनेक जण त्या व्याख्येबाहेर राहू शकतात.

नावाची किंमत

नावाला किती किंमत असते, हे महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना विचारावे. ‘सेविका’ म्हटल्याने वेतनाऐवजी मानधन आले. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांना ‘पार्टनर’ म्हणण्यामागेही हाच हिशेब आहे. तिथे भागीदारी फक्त नावात असते.

म्हणून नवे पदनाम हाती पडल्यावर अभिनंदनाच्या ईमेलला उत्तर देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात : जुना हुद्दा नव्या कोणत्या स्तराशी जोडला, त्या स्तराची पगारमर्यादा काय, पुढच्या बढतीचे निकष कोणते, आणि जुन्या हुद्द्यावरील सेवाकाळ धरला जाणार का. अनुभवपत्रात दोन्ही पदनामे यावीत, असा आग्रहही धरावा. काहीच बदलत नसेल, तर एवढे लिहून द्यायला कंपनीला अडचण नसावी. तिथे टाळाटाळ झाली, तर बदल केवळ नावाचा नाही, असे समजायला हरकत नाही.