सातबारा मसाईंचा, सफारी जगाची

बुळकांडी हा शब्द आता खेड्यातल्या वयस्कर मंडळींनाच आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा गुरांचा हा रोग 2011 मध्ये जगातून अधिकृतपणे संपला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पूर्व आफ्रिकेत शिरला. भारतातून नेलेल्या गुरांनीच तो तिकडे पोचवला, असं मानलं जातं. मसाई पशुपालकांचे कळप तर गेलेच, पण सेरेंगेटीच्या माळावरचे वाइल्डबीस्ट हे हरणवर्गी प्राणीही पटापट मेले. 1961 च्या हवाई मोजणीत ते अडीच लाखांच्या आसपास भरले. 1977 पर्यंत तेरा लाखांवर गेले. सत्तरच्या दशकात कोरड्या मोसमातला पाऊस बरा झाला हे खरं, पण किमया केली ती लसीनं. आणि ती टोचली होती सेरेंगेटी उद्यानाबाहेरच्या गुरांना! त्यांच्यातला रोग थांबला तशी वाइल्डबीस्टची वासरं जगू लागली.

जनावरं वाढली तसं गवत चरून आखूड झालं, त्यामुळे वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर झाडांची रोपं तग धरू लागली. गोठ्यातल्या एका रोगाचा धागा असा थेट जंगलापर्यंत जातो.

तरीही वन्यजीव वाचवायचे म्हटलं की सरकारांच्या डोळ्यांपुढे आधी नकाशावरची रेघ येते. टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आहे, तर केनियातलं मसाई मारा अभयारण्य जेमतेम दीड हजारांचं. वाइल्डबीस्टना ही रेघ दिसत नाही. ते पावसामागून, कोवळ्या गवतामागून चालत राहतात. माराच्या पूर्वेला लोइटाच्या माळावर केनियातल्या वाइल्डबीस्टचा स्वतःचा असा एक कळप होता. 1977 च्या सुमारास एक लाख 19 हजार असलेली त्यांची संख्या वीस वर्षांत 22 हजारांवर आली. शिकाऱ्यांपेक्षा मोठा घाव गव्हाच्या शेतीनं घातला. पावसाळ्यात व्यायला जायची त्यांची कुरणंच नांगराखाली गेली. त्यात सामाईक जमिनींचे घरटी तुकडे पडले. तुकडा आला की नाव येतं, आणि नावापाठोपाठ तारेचं कुंपण. मारा परिसरात गेल्या काही वर्षांत या तारा झपाट्यानं पसरल्या आहेत. 1977 ते 2016 या काळात केनियातले वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले.

यावर माराच्या मसाईंनी एक व्यवहारी तोडगा स्वीकारला. 2005 पासून शेजारशेजारच्या जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कुंपण घालायचं नाही, नांगरायचं नाही, गुरं ठरल्या वेळी ठरल्या जागी चारायची, आणि त्याचं भाडं दरमहा घरी यायचं. ओल किन्यई, नाबोइशो अशा या ‘कॉन्झर्वन्सी’ मिळून आता जवळपास मूळ अभयारण्याइतक्या क्षेत्रावर आहेत. सिंह तिथे सुखानं नांदतात. मात्र व्यवस्था निर्दोष नाही. भाडं सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच, म्हणजे बहुतेक पुरुषालाच. शिवाय 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा भाड्यालाही कात्री लागली. माळरानाचं भवितव्य परदेशी पाहुण्याच्या सुट्टीवर टांगलेलं असणं धोक्याचंच.

पण दुसरा रस्ता याहून वाईट आहे. सेरेंगेटीतून मसाईंना 1959 मध्ये बाहेर काढलं, तेव्हा शेजारच्या न्गोरोन्गोरोत राहण्याचा हक्क त्यांना देण्यात आला होता. आता टांझानिया सरकार 2022 पासून त्यांना तिथूनही शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेराला हलवत आहे. नाव ‘स्वेच्छेचं’ असलं, तरी मागे राहिलेल्यांच्या शाळा-दवाखान्यांचा निधी आटवला जात असल्याची मसाईंची तक्रार आहे. याच सरकारनं 2010 मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागातून महामार्ग न्यायचा घाट घातला होता. 2014 मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयानं त्या डांबरी रस्त्याला मनाई केली. म्हणजे सरकारच्या लेखी जंगलाला रस्त्याची अडचण नाही, गुराख्यांची तेवढी अडचण! शेकडो वर्षं गुरं आणि वन्यप्राणी एकाच माळावर चरताना पाहिलेल्या माणसांना उठवून जंगल राखता येईल, हा हिशेब चुकीचा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहूनही वाइल्डबीस्टचं मारा नदीवरचं ‘क्रॉसिंग’ बघायला बरीच मंडळी जातात. काठावर गाड्यांची इतकी दाटी होते, की कळप पाण्यात उतरायचा थबकतो. पुढच्या मोसमाचं बुकिंग करताना सहल कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारा: मुक्काम कोणाच्या जमिनीवर आहे, आणि आमच्या पैशातले किती त्या जमीनमालकाला मिळतात? उत्तर देता आलं नाही, तर कंपनी बदला.